सूत्र आणि भाष्य : एका राउटरच्या निमित्ताने

ज्याला विषय अवगत आहे त्याला सूत्र पुरते; ज्याला तो शिकायचा आहे त्याला भाष्य लागते. वर्गात हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे उच्चारत आलो. त्याचा प्रत्यय मात्र आम्हांला आला तो विभागाच्या कपाटात धूळ खात पडलेल्या एका राउटरपाशी.

यंत्र धडधाकट होते, पण उत्पादकाने त्याची आज्ञावली सुधारणे केव्हाच थांबवले होते. म्हणजे सुरक्षिततेच्या दृष्टीने दार सताड उघडे. अशा यंत्रांना भंगारातून परत आणणारी मुक्तस्रोत प्रणाली म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरची लिनक्सवर आधारलेली आज्ञावली २००३ मध्ये परवान्याच्या अटींमुळे खुली झाली आणि २००४ मध्ये त्यातून हा प्रकल्प उभा राहिला. स्वयंसेवकांच्या बळावर तो आजही चालू आहे. त्यांच्याविषयी आम्हांला आदरच आहे, आणि पुढील विवेचन कृतघ्नपणाचे मानले जाऊ नये.

या प्रणालीची मार्गदर्शिका त्रोटक नाही. उलट ती अफाट आहे. शेकडो उपकरणांची कोष्टके, प्रत्येकाच्या आवृत्त्या, स्मृतीचे आकडे, सारे आहे. नाही ती एकच गोष्ट : नवख्या माणसाच्या मनात प्रश्न ज्या क्रमाने उगवतात, तो क्रम.

साधे उदाहरण घेऊ. उतरवून घेण्यासाठी दोन प्रकारच्या फायली समोर येतात, ‘फॅक्टरी’ आणि ‘सिसअपग्रेड’. उत्पादकाची मूळ आज्ञावली काढून प्रथमच ही प्रणाली घालायची असेल, तर बहुधा पहिली. प्रणाली आधीपासून असून केवळ नवी आवृत्ती घ्यायची असेल तर दुसरी. हे एवढेच वाक्य त्या दोन नावांच्या शेजारी हवे. ते असते, पण निराळ्या पानावर. जाणत्याला त्याची गरज नसते आणि नवख्याला ते पान शोधावे हेच ठाऊक नसते.

पुढे तर गंमतच आहे. नवी प्रणाली चढल्यावर बहुतेक उपकरणांवर वायफाय बंद असते. त्यामागे कारण आहे : परवलीचा शब्द अजून ठरलेला नसताना बिनतारी दार उघडे ठेवणे शहाणपणाचे नव्हे. पण ज्याला हे सांगितलेले नाही तो भ्रमणध्वनीवर नाव शोधतो, ते दिसत नाही, आणि आपण राउटर मारला अशी त्याची खात्री पटते. आम्हांपैकी एकाची तशी पटली होती. केबल लावून संगणक जोडायचा असतो हे अर्ध्या तासाने उमगले.

मग पत्त्याचा घोळ. राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ हा पत्ता घेतो. घरोघरी सेवा पुरवठादाराने बसवलेली पेटीही पुष्कळदा तोच पत्ता घेऊन बसलेली असते. एका वाड्यात एकाच क्रमांकाच्या दोन खोल्या. टपालवाल्याने करावे काय? बाहेरची केबल जोडण्यापूर्वी राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ असा बदलला की प्रश्न मिटतो. आता हा बदल करावा, तर न्याहाळक जुन्याच पत्त्यावर उभा. नवा पत्ता न गाठल्यामुळे ९० सेकंदांनी प्रणाली केलेला बदल आपणहून मागे घेते. ही सोय वस्तुतः वापरणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. न सांगता घडली की ती भुताटकी वाटते. आम्ही तो पत्ता तीनदा बदलला आणि तीनदा तो पूर्ववत झाला.

आणि या सगळ्यात मार्गदर्शिका कोठे आहे? आंतरजालावर. म्हणजे जे वाचून करायचे, ते करतेवेळी वाचता येत नाही, कारण ते करताना आपणच आंतरजाल तोडलेले असते. ‘हे पान आधी छापून घ्या’ ही सूचना पहिल्या ओळीत हवी.

‘ज्याला एवढे कळत नाही त्याने या वाटेला जाऊच नये’, असे म्हणणारे भेटतात. हा युक्तिवाद आम्हांला परिचित आहे; ज्ञानाच्या प्रत्येक दारावर तो केव्हा ना केव्हा उभा राहिला आहे. मुक्त म्हणवणाऱ्या प्रणालीच्या दारावर तो विशेष विसंगत दिसतो. ‘मीठ अंदाजाने’ हे सुगरणीला सांगून चालते; कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचे माप दिले म्हणून नवशिक्यांचाही स्वयंपाक जमला. त्यात पाककलेचा अवमान झाला नाही.

प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसेल, आणि न दिसल्यास काय करावे, ही दोन वाक्ये मार्गदर्शिकेत आली तरी निम्मे काम होईल. उरलेल्या निम्म्यासाठी लेखकाने एखाद्या नवख्याच्या शेजारी तोंड मिटून बसावे आणि तो कोठे थबकतो ते टिपावे. तोंड मिटून बसणे हा यातला अवघड भाग. अध्यापकांना तर फारच.

हे आम्ही करून पाहिले. आमचा अनुभव एका पानावर मराठीत उतरवला आणि अर्थशास्त्राच्या एका सहकाऱ्यांच्या हाती दिला. ते चौथ्या ओळीपाशी थांबले. तेथे आम्ही लिहिले होते, ‘केबल राउटरला जोडावी.’ राउटरला मागे पाच खाचा होत्या. ‘यातल्या कोणत्या?’ असे त्यांनी विचारले, आणि आम्ही पेन्सिल शोधू लागलो.