परी कोणी व्हायचे?

रायपूरहून बिलासपूरच्या दिशेने निघाले की शहराची शेवटची वस्ती मागे पडते न पडते तोच सिलतरा लागते. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, रस्त्याकडेला खोळंबलेल्या मालमोटारी आणि झाडांच्या पानांवर बसलेली काळी धूळ. धोरणकर्त्यांच्या लेखी हा परिसर म्हणजे औद्योगिक विकास केंद्र. त्यापलीकडे त्याची ओळख कोणी विचारत नाही. परंतु याच धरसींवा तालुक्यात भातशेतीची गावेही आहेत आणि गणपती बसले किंवा धानकापणीनंतर मडई भरली की छत्तीसगडातील अशा गावांत रात्र रात्र 'नाचा' रंगतो. (आपल्याकडचा 'नाच्या' तो हा नव्हे, त्याच्याकडे पुढे येऊच.)

नाचा हे छत्तीसगडचे लोकनाट्य. त्यातील प्रहसनांना 'गम्मत' म्हणतात आणि हा शब्द भोसल्यांच्या राजवटीबरोबर तिकडे गेला असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. या नाट्याचे दोन खांब: एक जोक्कड, म्हणजे विदूषक, आणि दुसरी परी. परी डोक्यावर पितळी लोटा तोलत, गात, नाचत मंचावर येते, आणि परंपरेने ती पुरुष असते. समोर बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, बायाबापड्यांना ते ठाऊक असते. तरीही परी आली की टाळी पडते ती परीलाच.

या परीची आठवण येण्याचे कारण दूरचे आहे. जानेवारी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'शिकागो' या संगीतिकेतील तुरुंगाधिकारी मामा मॉर्टन हिची भूमिका जिंक्स मॉन्सून या ड्रॅग कलावंताला देण्यात आली आणि प्रेक्षकांनी नाट्यगृह भरून टाकले. त्याच वर्षी अमेरिकेतील टेनेसी राज्याने सार्वजनिक ठिकाणच्या अशा प्रयोगांवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. एका रंगमंचावर पायघड्या, दुसऱ्या राज्यात बंदीचा मसुदा. आपल्याकडे या वादाची बातमी 'पाश्चात्त्यांचे थेर' म्हणून वाचली गेली. वास्तविक हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे, आणि त्याचे उत्तर आपण फार पूर्वी, तेही अर्धवट, देऊन ठेवले आहे.

स्त्रीपार्ट ही मराठी रंगभूमीची अडगळीतील वस्तू नव्हे. तिच्या वैभवाचा तो पाया होता. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले ही नावे घेतल्याविना संगीत नाटकाचा इतिहास सांगताच येत नाही. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमान'मध्ये बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. राष्ट्रकार्याला पैसा उभा करायचा तर भामिनीच्या वेशातील पुरुष मंचावर असावा, यात त्या पिढीला काहीही वावगे वाटले नाही. बालगंधर्वांना 1964 मध्ये पद्मभूषण मिळाले; गुजराती रंगभूमीवरील जयशंकर 'सुंदरी' यांना 1971 मध्ये. 'सुंदरी' हे उपपद त्यांना स्त्रीभूमिकेनेच दिले होते आणि राज्यसंस्थेने ते आनंदाने स्वीकारले.

पण हा सन्मान शालू नेसलेल्या, खानदानी नायिकेपुरता होता. तमाशाच्या फडावरील नाच्याला तो लाभला नाही. गणपत पाटलांनी मराठी चित्रपटांत नाच्या अशा ताकदीने उभा केला की त्यांच्यावाचून तमाशापट अपुरा वाटे. मोबदल्यात त्या भूमिकेचा हावभाव आयुष्यभर त्यांच्या नावाला चिकटून राहिला. 'नटरंग' पाहून 2010 मध्ये डोळे टिपणारा मध्यमवर्ग तोच, ज्याच्या तोंडी 'नाच्या' ही शिवी होती. भामिनी ही कला ठरली आणि नाच्या ही विकृती. फरक वेशात नव्हता. तो जातीत, भाषेत आणि तिकिटाच्या दरात होता.

छत्तीसगडात याहून गुंतागुंतीचे काही घडले. दाऊ मंदराजींनी 1920च्या दशकाच्या अखेरीस रवेलीची नाचा मंडळी उभी केली, चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली आणि विखुरलेल्या कलावंतांना एका संघात बांधले. रवेली राजनांदगाव जिल्ह्यातील, आपल्या गोंदियापासून फार दूर नाही. पुढे रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी 1958 मध्ये नाचाच्या सहा कलावंतांना दिल्लीला नेले आणि 'मिट्टी की गाडी' रंगवले. 1975 चे 'चरणदास चोर' 1982 मध्ये एडिंबरोला गाजले. नाचाचा जोक्कड असा जगाच्या मंचावर पोहोचला. गोविंदराम निर्मलकरांना 2009 मध्ये पद्मश्री मिळाली. परी मात्र त्या गाडीत चढली नाही. तन्वीरांच्या नाटकांतील प्रमुख स्त्रीभूमिका फिदाबाईंसारख्या असामान्य अभिनेत्रींनी केल्या, आणि ते योग्यच झाले. स्त्रियांना रंगमंच नाकारून पुरुषांनी साडी नेसायची, हा मूळचा अन्यायच होता. 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या तेव्हा मराठी रंगभूमीने तो दूर करायला आरंभ केला. स्त्रीभूमिका स्त्रियांकडे गेल्या म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

हळहळ आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. काही भूमिका मुळातच अशा आहेत, की त्यांचा प्राण अतिशयोक्तीत असतो: मान वेळावणे जरा जास्त, पदर सावरणे जरा जास्त, शब्दांवरचा ठसका जरा जास्त, आणि या 'जास्त'मधून बाईपणाच्या साऱ्या सामाजिक शिष्टाचारावर मिश्किल भाष्य. इंग्रजीत या थाटाला 'कॅम्प' म्हणतात. गवळणीतील मावशी ही अशी भूमिका, नाचाची परी ही अशी भूमिका, आणि 'हेअरस्प्रे' या अमेरिकी संगीतिकेतील एडना टर्नब्लाड हीसुद्धा. 1988च्या मूळ चित्रपटात डिव्हाइन या ड्रॅग कलावंताने एडना रंगवली आणि तेव्हापासून ती भूमिका पुरुषाने करण्याचा प्रघातच पडला. अशा भूमिका जेव्हा आपल्याकडे पैसा, प्रसिद्धी आणि वातानुकूलित नाट्यगृह घेऊन येतात, तेव्हा त्या कोणाला मिळतात? दूरचित्रवाणीवरील विनोदवीराला. साडी नेसलेला पुरुष हाच विनोद, अशी त्या सादरीकरणाची समजूत असते. मिशी मुद्दाम दिसू दिली जाते, आवाज मध्येच जाड होतो, आणि प्रेक्षक हसतात ते मावशीच्या चतुराईला नव्हे, तर पुरुषाच्या तथाकथित अधोगतीला.

येथे एक भेद केला पाहिजे, अन्यथा युक्तिवाद अन्यायकारक होईल. आचार्य अत्र्यांचे 'मोरूची मावशी' घ्या, जे ब्रँडन टॉमस यांच्या 1892च्या 'चार्लीज आंट'वर बेतलेले आहे. विजय चव्हाणांनी त्या मावशीला जे चैतन्य दिले, ते विसरणे अशक्य. पण त्या कथानकातच एक पुरुष नाइलाजाने लुगडे नेसतो. वेशांतर फसण्याची भीती हाच नाट्याचा दोर आहे. तेथे विनोदी नट हवाच. एडना किंवा गवळणीतील मावशी यांच्या बाबतीत मात्र कथानकात कोणतेही वेशांतर नाही. ती बाईच आहे. तिला उभे करण्याला कसब लागते, आणि ते कसब वर्षानुवर्षे अंगी मुरवलेले लोक या देशात आहेत. त्यांना डावलणे हा नैतिक दोष पुढचा. आधी तो निव्वळ वाईट पात्रनिवडीचा दोष आहे.

आक्षेप दोन येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला स्त्रीवाद्यांचा: पुरुषाने केलेली बाईची नक्कल ही बाईची टवाळी नव्हे काय? असू शकते. सादरीकरणात टवाळी कोणाची चालली आहे हे पाहूनच ते ठरवावे लागेल, सरसकट नियमाने नव्हे. दुसरा आक्षेप तृतीयपंथी समुदायातून येतो: आम्हाला मंचावर घ्याल, पण हसण्यापुरतेच. हा मला अधिक बोचतो. 2014च्या नालसा निकालानंतर आणि 2019च्या कायद्यानंतरही रोजगाराची दारे किलकिलीच आहेत. 2021 मध्ये छत्तीसगड पोलीस दलात 13 तृतीयपंथी उमेदवारांची शिपाई म्हणून निवड झाली, तेव्हा ती देशभर बातमी ठरली. एवढ्यावरूनच एरवीची परिस्थिती कळावी. म्हणून नाट्यसंस्थांनी हेही ध्यानात ठेवावे, की ड्रॅग ही कला आहे आणि लिंगओळख ही व्यक्तीची खासगी बाब. परी करणारा संसारी शेतमजूर असेल, समलिंगी असेल, तृतीयपंथी असेल. निवड-चाचणीत त्याच्याकडून गाणे मागावे, नाच मागावा. ओळखीचा दाखला मागू नये. आणि तृतीयपंथी अभिनेत्रीला विनोदी मावशीखेरीज वकील, आई, मुख्याध्यापिका या भूमिकांसाठीही बोलवावे.

राज्यसंस्था काय करू शकते याची उदाहरणे देशात आहेत. बिहारच्या लौंडा नाच या अशाच हेटाळल्या गेलेल्या परंपरेतील रामचंद्र मांझी, भिखारी ठाकूर यांच्या मंडळीतले, यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली; तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती आणि पुढल्याच वर्षी ते गेले. जोगती नृत्याच्या कलावंत मंजम्मा जोगती यांच्याकडे कर्नाटकाने जानपद अकादमीचे अध्यक्षपद दिले. हे दुसरे उदाहरण मला मोलाचे वाटते, कारण पदक उतारवयात गळ्यात पडते, तर अकादमीच्या अध्यक्षाला निधी कोणत्या कलेकडे जावा यावर म्हणणे मांडता येते.

छत्तीसगड सरकार दाऊ मंदराजींच्या नावे सन्मान देते. कलावंतांच्या नोंदणीसाठी तेथील संस्कृती विभागाने 'चिन्हारी' नावाचे पोर्टलही केले. चिन्हारी म्हणजे ओळख. लोककलेला शासकीय आधार देताना संपूर्ण मंडळी हा एकक धरण्याची आपल्या देशातील सवय जुनी आहे, आणि मंडळीत जो सर्वांत दुबळा, त्याच्यापर्यंत तो आधार शेवटी झिरपतो. महाराष्ट्रातही फडमालक आणि नाच्या यांच्यात हेच अंतर आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या कलावंताची स्वतंत्र वर्गवारी, त्याच्या नावाचा लेखी करार, प्रवासात आणि मुक्कामी सुरक्षिततेची हमी: यासाठी नवा कायदा लागत नाही, नियमावलीत तीन ओळी लागतात.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि येथे सिलतऱ्याकडे परत जावे लागते. कंपनी कायदा 2013च्या कलम 135 नुसार निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी कोणताही उंबरठा ओलांडणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करायची असते. कोणत्या कामांवर, हे सातव्या अनुसूचीत दिले आहे, आणि त्यात कला, संस्कृती व पारंपरिक कलांचे संवर्धन स्पष्ट शब्दांत येते. पोलादाच्या पट्ट्यात हा निधी बहुधा शाळेच्या खोल्या, हातपंप आणि आरोग्य शिबिरांकडे वळतो. ते आवश्यकच आहे. धूर ज्यांच्या फुप्फुसात जातो त्यांचा पहिला हक्क आरोग्यावर आहे, आणि मडईचा मंडप घालून प्रदूषणाचा हिशेब चुकता होत नाही. पण त्याच निधीचा लहानसा हिस्सा नाचाच्या मंडळ्यांना वर्षाचा करार म्हणून मिळाला, त्या करारात परीचे मानधन स्वतंत्र रकान्यात लिहिले गेले, आणि रायपूर, नागपूर किंवा मुंबईच्या निर्मात्याला पुढल्या संगीतिकेची मावशी शोधताना ती यादी हाती लागली, तर निवड-चाचणीचा दिवस कापणीच्या हंगामात ठेवू नये. परी करणारे बरेच जण त्या दिवसांत शेतावर असतात.