पिल्ले सोडून नदी भरत नाही

खारघर-पनवेलच्या मोठ्या दुकानांत हल्ली नॉर्वेचा सॅमन मिळतो. तो समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो. त्याच जातीचा रानटी सॅमन मात्र २०२३ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटाच्या उंबरठ्यावर नोंदला गेला; २००६ ते २०२० या काळात त्याची जगभरातली संख्या २३ टक्क्यांनी घटली. दुकान भरलेले आणि नदी रिकामी, असे एकाच वेळी होऊ शकते. तरीही ‘मासा आम्ही तयार करतो, मग काळजी कसली?’ हा युक्तिवाद जगभर चालतो. आपल्याकडे तो महसीर या नदीतल्या माशाच्या नावाने चालतो आणि तो खोडून काढला पाहिजे.

आधी त्या युक्तिवादाची खरी ताकद मान्य करू. महसीर सॅमनसारखा समुद्रात जात नाही, पण पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालतो. १९७० च्या सुमारास मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनी महसीरच्या प्रजननाचा अभ्यास केला. पुढे लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात ओगले यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे कृत्रिम प्रजनन करून लाखो पिल्ले देशभर पाठवली. हे काम सोपे नव्हते, कारण महसीरची मादी कटला-रोहूच्या तुलनेत फारच थोडी अंडी देते. आज ही जात आययूसीएनच्या धोक्याच्या यादीतून बाहेर आहे आणि त्याचे श्रेय वळवणला दिले जाते. या माणसांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. माझा आक्षेप त्यांच्या कामातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे.

कावेरीत काय घडले ते पाहा. भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालीबोरे येथील मासेमारीच्या छावण्या एकेकाळी जगभरातल्या गळकऱ्यांचे तीर्थक्षेत्र होत्या. याच खोऱ्यात, कबिनी नदीत, १९४६ साली १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाला लागला होता. तो कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर. १९७० च्या दशकापासून त्याच पाण्यात लोणावळ्याची पिल्ले सोडली गेली. हेतू चांगला होता: नदीत मासा वाढावा. मासा वाढला, पण तो दख्खनचा निळ्या परांचा महसीर होता. गालीबोरे छावणीतल्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा बाहेरचा मासा वाढत गेल्याचे आणि कुबडवाला घटत गेल्याचे दिसले. २०१८ मध्ये त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी ही कारणे होतीच. पण बाहेरून आणलेली पिल्लेही त्या कारणांत आहेत, हे आता नाकारता येत नाही.

यावर गळाचे शौकीन म्हणतात, छावण्या होत्या म्हणूनच मासा टिकला. पकडून परत सोडणारा गळकरी हाच नदीचा राखणदार. यातले अर्धे मला पटते. पूर्वी सुरुंगाने मासे मारणाऱ्या काहींना छावण्यांनी वाटाड्याचे काम दिले. त्यांच्या वह्या नसत्या, तर कुबडवाल्याची घसरण कळलीही नसती. छावण्या ज्या अभयारण्यात होत्या तिथे गळ बंद झाला तेव्हा ती नजरही गेली, हे नुकसानच झाले. पण त्याच गोटात पिल्ले आणून सोडण्याचा उत्साहही होता. नदीवरचे प्रेम आणि मोठा मासा लागावा ही हौस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महसीरला लागते काय? गोटे आणि खडीचा तळ, भरपूर प्राणवायू असलेले खळाळते पाणी, उन्हाळ्यात तग धरायला खोल डोह आणि पावसाळ्यात वर जाण्याची मोकळी वाट. यातले हौदात काहीही पोसता येत नाही. कर्नल साईक्सने १८३९ मध्ये दख्खनी महसीरचे शास्त्रीय वर्णन केले ते मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज पुण्यातून वाहणाऱ्या मुळा-मुठेत कितीही पिल्ले सोडा, ती अंडी कुठे घालणार?

आणि हा प्रश्न फक्त घाटापलीकडचा नाही. पूर्वेला वाहून गेले असते ते वळवण-शिरवट्याचे पाणी टाटांनी अडवले आणि १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरातून पश्चिमेला वळवले. तेच पाणी पाताळगंगेत येते आणि त्यातूनही पनवेल परिसराची तहान भागते. महसीरच्या नदीचे पाणी आपण पितो, तेव्हा तिच्याविषयी बोलणे हे आपले काम आहे.

हे झाले खंडन, आता मंडन. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथल्या महसीरना कोणी हात लावत नाही. पालघरमधल्या वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या डोहातही तेच. काही सुशिक्षित याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारतात. मी म्हणतो, एका ठरावीक डोहात कायमची मासेमारीबंदी, तीही गावाने स्वतः पाळलेली, ही संवर्धनाची पहिल्या प्रतीची व्यवस्था आहे. सरकारी फलक लावून ती उभी करायला पिढ्या लागतील. मात्र देवाचा कोंड एकटा पुरत नाही. मासे कोंडात वाचतात, पण अंडी घालायला त्यांना बाहेर पडावे लागते. तिथे बंधारा आडवा असेल, खडी उपसलेली असेल, तर देवी तरी काय करणार?

वाट मोकळी झाली तर काय होते? अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणे काढण्याचे काम २०२४ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चिनूक सॅमन त्या जागांच्या वर पोहोचला, शंभराहून अधिक वर्षांनी. पिल्ले नेऊन टाकावी लागली नाहीत. वाट मोकळी झाली आणि मासा आपणहून वर चढला.

धरणे पाडा, असे मी म्हणत नाही. नवी मुंबईला पाणी लागते. पण याच शहरासाठी उल्हास नदीवर कोंढाणे धरण सिडकोने हाती घेतले आहे. त्याच्या आराखड्यात बारमाही किती पाणी नदीत सोडणार आणि मासे वर कसे जाणार, हे दोन आकडे-नकाशे लोकांपुढे आधी यायला हवेत. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा ठरवले, ते योग्यच झाले. गोड्या पाण्यासाठीही अशी नजर हवी. वाळणकोंड आणि तिळसे यांच्या वरचा-खालचा काही किलोमीटर प्रवाह वाळू-खडी उपशापासून आणि सुरुंगापासून कायद्याने राखावा, राखण गावाकडे द्यावी आणि तिचे मानधन द्यावे. आणि ज्या खोऱ्यात स्वतःचा महसीर आहे, तिथे दुसऱ्या खोऱ्याचे एकही पिल्लू, कुठल्याही समारंभासाठी, सोडू देऊ नये.