शॉर्ट नोट लिहा : गंज (5 गुण)

मित्रांनो, फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत 'गंज' हा आपला हुकमी प्रश्न! अॅनोड, कॅथोड, एक आकृती, चार ओळी, झाले पाच मार्क. परीक्षा संपली की विषय डोक्यातून साफ. माझंही तेच झालं होतं. पण 26 ऑगस्ट 2024 ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा कोसळला आणि ती वही पुन्हा उघडावी लागली. अनावरण झालं होतं 4 डिसेंबर 2023 ला, म्हणजे नऊ महिनेही पुरे झाले नव्हते.

लगेच वाऱ्याकडे बोट दाखवलं गेलं. पण खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने पुतळ्याचे नटबोल्ट गंजत असल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने सहाच दिवस आधी दिलं होतं! पुढे चौकशी समितीच्या अहवालात गंजासोबत कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणंही आली.

आता सांगा, समुद्राकाठी लोखंड गंजतं ही काय बातमी झाली? खनिजातून लोखंड काढताना आपण त्याला ऊर्जा देतो. संधी मिळताच ते ऑक्साइड होऊन परत मूळ घरी जातं. त्याला पाणी आणि ऑक्सिजन एवढंच लागतं. मीठ मिसळलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजाचा वेग वाढतो. वॉशरखालच्या फटीत ओल राहते, ऑक्सिजन कमी पोचतो आणि नेमकी तीच जागा अॅनोड बनून खाल्ली जाते. ओलीत लोखंडाला तांबं किंवा ब्राँझ चिकटलेलं असेल, तर लोखंड आणखी लवकर जातं.

माझं गाव कोकणातच. बाबा काही इंजिनियर नाहीत, पण दर दिवाळीआधी खिडकीचे गज पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइडचा हात मारून वर ऑइलपेंट देतात. एका वर्षी ते राहिलं, तर पुढच्या पावसाळ्यात गजांचे पापुद्रे सुटले!

कोणी म्हणेल, पुतळा काही एकट्या गंजाने पडला नाही. मान्य. पण सांगाडा आधीच कमकुवत असेल, तर उरलीसुरली ताकद गंजच खातो ना? म्हणून माझं स्पष्ट मत आहे, गंज हा निसर्गाचा कोप नाही. तो येणारच, हे धरूनच डिझाइन व्हायला हवं. कुठला धातू, कुठला लेप, सांध्यात पाणी साचेल का, तपासणी कधी आणि कोण करणार, हे सगळं ड्रॉइंगसोबतच ठरलं पाहिजे. पत्र लिहायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.

उद्या अशा ड्रॉइंगवर आपल्या सह्या असतील. तेव्हा पेपर तपासणार तो खारा वारा. आणि मित्रांनो, त्याच्याकडे एटीकेटी नसते!