झीज आणि मोडतोड

गेल्या महिन्यात आमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. सहा वर्षं राहिलेलं कुटुंब बदलीमुळे कोरेगावला गेलं. सामानाचा टेम्पो हलला आणि मी वही व तांबडं पेन घेऊन खोल्यांत शिरले. जन्मभर पेपर तपासले, सवय जात नाही!

स्वयंपाकघरात शेगडीमागची भिंत फोडणीनं पिवळी. बाहेरच्या खोलीत खिळ्यांची अकरा भोकं. दारामागं पेन्सिलीनं काढलेली मुळाक्षरं, त्यात 'ळ' उलटा. (पोर माझ्याकडेच शिकायला बसायची, तेव्हा ही चूक अर्धी माझी.) बोअरच्या जड पाण्यानं नळांवर पांढरे थर. खिडकीची एक काच फुटलेली. आणि बाथरूमचं दार खालून कुजलेलं.

संध्याकाळी पुण्याहून पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "काकू, रंगाचे सगळे पैसे डिपॉझिटमधून कापून घे. इकडं सगळे तसंच करतात."

करत असतील. मला ते पटत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

अहो, खोल्या सहा वर्षं कुलपात ठेवल्या असत्या तरी इकडच्या उन्हानं आणि धुळीनं भिंती कळकटल्याच असत्या. माणसं राहिली की भिंतीला पाठ टेकणार, फोडणी उडणार, कॅलेंडरला खिळा लागणार. त्याचेच तर आपण दर महिन्याला पैसे मोजून घेतो. तीच झीज डिपॉझिटमधून पुन्हा वसूल करायची म्हणजे एकाच चुकीचे दोनदा गुण कापायचे.

आणि हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर भाडेकरूनं घर घेतलं तशा स्थितीत परत द्यावं. पण वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती वगळून. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये राज्यांसाठी नमुना म्हणून जो भाडेकायदा मंजूर केला, त्यातही भिंतींचा रंग मालकाकडे आहे. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, फुटकी काच भाडेकरूकडे.

तेव्हा काचेचे पैसे मी घेतले. जाणाऱ्या बाईंनी स्वतःच सांगितलं होतं, "बाई, काच आमच्या हातून गेली, तेवढे धरा." भाडेकरू सगळेच असे नसतात, हेही खरं. मागं एकानं मोरीत वर्षभर खरकटं ओतलं आणि जाताना मलाच म्हणाला, तुमचा पाइपच बारीक!

राहिलं दार. दोन वर्षांपूर्वी त्या दोनदा सांगून गेल्या होत्या, भिंतीतला पाइप झिरपतोय म्हणून. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. कुठल्या दिवाळीनंतर ते बोलले नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी खाली घमेलं ठेवलं. ओल चढली, गिलाव्याचे पोपडे सुटले, चौकट कुजली. तेव्हा दोन-तीनशे रुपयांत झालं असतं. आता सुतार, गवंडी मिळून आठ हजार सांगतात. ही मोडतोडच आहे, पण ती मी केलेली.

पुण्याच्या पुतण्याला हेही सांगितलं, की त्याच्याकडं लागू असलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, करारात वेगळं नसेल तर, घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम आहे. नोटीस देऊनही त्यानं मुदतीत केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. पण आपल्याकडं बाईंना नोटीस कोण देणार? भिडेपोटी घमेलं ठेवतात.

मी फार शहाणी आहे असं समजू नका. हे गेल्यावर पहिल्यांदा खोल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा २००९ साली, एका तरुण जोडप्याच्या पाच हजारांतले दोन हजार मी रंगाचे म्हणून कापले होते. ती गरोदर होती. त्यानं पैसे मोजलेसुद्धा नाहीत, वाकून नमस्कार केला आणि गेला. आणि मी कोण? नोकरीच्या पहिल्या बारा वर्षांत चार घरं भाड्यानं राहिलेली! दहिवडीच्या घरमालकिणीनं मला पाळण्यासाठी तुळईत कडी ठोकू दिली होती, आणि सोडताना ती काढायला निघाले तर म्हणाली, "राहू दे गं, पुढचीला लागंल."

असो. दार गुरुवारी बसतंय. यापुढं किल्ली देण्याआधी भिंती, नळ, दारं यांचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि खोली कशी दिली ते कागदावर लिहून दोघांनी सही करायची, असं ठरवलंय. करारात 'जशी दिली तशी परत' असं लिहितात, पण कशी दिली ते कुणीच लिहून ठेवत नाही.

त्या जोडप्याचा नंबर जुन्या वहीत सापडला. दोनदा लावून बघितला, आता तो नंबर अस्तित्वात नाही म्हणतात.