इसबाचे लेकरू आणि व्हॅसलीनची डबी



दसरा-दिवाळी उलटली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर, धारूर, केज भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने बिऱ्हाड कोपीत. गाडीत पीठमीठ, भांडीकुंडी, कोयते सगळे आठवणीने चढते. ज्या घरात इसबाचे लेकरू आहे, त्या घराने आणखी एक वस्तू चढवावी. ती म्हणजे व्हॅसलीनची मोठी डबी.

“एवढेच का?” असे तुम्ही म्हणाल. पण इसबाच्या औषधात पहिला मान याच साध्या चिकट वस्तूचा आहे.

आपल्याकडची जुनी माळवदाची घरे आठवा. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती पसरायची. ती झिजली, भेगा पडल्या, की घर गळायचे. इसब झालेल्या कातडीचे असेच होते. तिच्यातली उपजत स्निग्धता कमी पडते, भेगांतून आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरची धूळ, साबण, घाम आत शिरून आग करतात. मग खाज, खाजेने नखे, नखांनी आणखी भेगा. थंडीत हे वाढते. लेकरू रात्रभर खाजवते, आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही आणि पहाटे तिला फडात जायचे असते.

माळवदाची माती आपण गळती लागायच्या आधी टाकतो ना? तसेच व्हॅसलीन खाज नसतानाही रोज लावायचे. सकाळ-संध्याकाळ, दोन वेळा. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात उरकावी. साबण लावलाच तर सौम्य आणि घामाच्या जागी तेवढाच. दगडाने घासणे तर नकोच. अंग मऊ फडक्याने टिपावे आणि कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, लव ज्या दिशेने असते त्या दिशेने हात फिरवून लावावे. रगडू नये. बोटाच्या टोकाने चिमूटभर लावून उपयोग नाही. अंग चकाकले पाहिजे. डबीत चमचा घालून काढा, मळक्या बोटांनी डबी नासते.

महागडी मलमे घ्यावी लागतात का? इंग्लंडात ५५० मुलांवर एक मोठी पाहणी झाली, तिचा निकाल २०२२ साली आला. पातळ लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम हे चारही प्रकार वापरून पाहिले. इसब आटोक्यात ठेवण्यात कोणताच प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. तेव्हा लेकरू जे लावून घेईल आणि तुमच्या खिशाला रोज परवडेल, तेच चांगले. बिनवासाचे मात्र हवे. शुद्ध खोबरेल तेलही चालते. कडुनिंब-करंजाची तेले चिरलेल्या कातडीला झोंबतात. आणि गाडीचे जळके ऑईल लावण्याची जी खोड काही ठिकाणी अजून आहे, ती सोडाच.

आता दुकानातल्या ट्यूबबद्दल थोडे कडक बोलतो. खाज म्हटली की दुकानदार एक ट्यूब हातावर ठेवतो. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून आपण खूश. अशा बऱ्याच ट्यूबांत जोरकस स्टिरॉईड असते. ते मनाने महिनोन् महिने चोळले तर कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर उलट पसरते. म्हणूनच केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्याला बंदी केली. स्टिरॉईड वाईट नाही. इसब भडकले की डॉक्टर ते मोजून देतात आणि ते द्यावेच लागते. पण त्या दिवसांतही व्हॅसलीन बंद करायचे नाही. दोन्हींत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

सगळीच खाज इसबाची नसते. कोपीतली सगळीच माणसे रात्री खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज. तिचे औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे लागते. कडेला लाल आणि मधे निवळलेला गोल चट्टा बहुधा गजकर्णाचा. मोठ्या माणसाचा चेहरा, पापण्या आणि मान शेतात गेल्यावर पेटत असेल तर गाजरगवताचा संशय घ्या. १९५६ साली पुण्यात नोंदले गेलेले हे गवत आज बांधाबांधावर आहे. या तिन्हींवर नुसते व्हॅसलीन चोळून भागणार नाही. इसब मात्र एकाचे दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा त्या लेकराला वेगळे निजवू नका, शाळेतून काढू नका.

चट्ट्यातून पू किंवा पिवळी खपली आली, ताप चढला, एकदम बारीक दुखरे फोड उठले, तर मुकादमाला सांगून त्याच दिवशी जवळचा सरकारी दवाखाना गाठा. गावी असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि जुनाट इसबासाठी अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय.

एक जपायचे. व्हॅसलीन कपड्यांत, गोधडीत मुरते आणि असे कापड ठिणगीने भराभर पेटते. धुतले तरी ते पुरते निघत नाही. कोपीत चूल हाताच्या अंतरावर असते. म्हणून लेकराला चुलीपासून लांब निजवा, त्याचे कपडे-पांघरूण वरचेवर गरम पाण्याने धुवा, आणि आईच्या हाताला इसब असेल तर तिने स्वयंपाक आटोपल्यावर लावावे.