खटक्यावर अक्षर कोरलं म्हणून बंदूक सेफ होत नाही

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात वीस-बावीसचा पोरगा आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या मावळातल्या दोन-तीन ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. अमेरिकेतला एक माणूस घरच्या टेबलावर रायफल पूर्ण करतो आणि सेफ्टीच्या खटक्याशेजारी अक्षरं कोरून त्यात पांढरा-लाल रंग भरतो. काम सुबक आहे, नाही म्हणत नाही. खाली आपल्याच एका भावाची कमेंट: "आपल्या तळेगाव-चाकणच्या टूलरूमवाल्यांना द्या, याच्या बापासारखं करतील." त्यावर लाइक धो-धो. आणखी एक शहाणा म्हणतो, "खुणा नीट असतील, सेफ्टी नीट असेल तर घरी केली काय आणि फॅक्टरीत केली काय?"

या दुसऱ्या कमेंटसाठी ही पोस्ट लिहितोय. पहिल्यात निदान आपल्या पोरांचं कौतुक तरी आहे. दुसरी मात्र धोकादायक आहे, कारण ती समजूतदार वाटते.

मी फौजेत होतो. एसएलआरवर शिकलो, पुढे इन्सास हातात आली. ज्याला तुम्ही खटका म्हणता त्याला आम्ही चेंज लिव्हर म्हणायचो. एसएलआरला दोनच जागा, सेफ आणि फायर. इन्सासला सिंगल राउंड आणि तीन राउंडचा बर्स्ट. एके-४७ चा लिव्हर सगळ्यात वर असला की सेफ, मध्ये ऑटोमॅटिक आणि तळाला सिंगल. घाबरलेला शिपाई लिव्हर एकदम खालपर्यंत ढकलतो, तेव्हा निदान सगळी मॅगझिन एका दमात उडू नये, असं त्याचं कारण सांगतात. अमेरिकन एम-१६ ला सेफनंतर आधी सिंगल आणि मग ऑटो. म्हणजे एकाच दिशेच्या एका टिचकीचा अर्थ दोन बंदुकांत वेगळा. खूण असते ती यासाठी. ती शोभेची नसते, आणि खरं तर मालकासाठीही नसते. मालकाला अंधारातही बोटाने कळतं. जो दुसरा माणूस ती बंदूक हातात घेणार आहे, त्याच्याशी बनवणारा त्या खुणेतून बोलतो.

आता विचार करा, त्या बोलण्याला जामीन कोण? कारखान्यातल्या रायफलवर 'सेफ' कोरलेलं असतं तेव्हा त्यामागे ड्रॉइंग असतं, तपासणारा इन्स्पेक्टर असतो, नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून घेतलेली प्रूफ टेस्ट असते, बॉडीवर नंबर असतो. उद्या लिव्हर सेफवर असताना गोळी सुटली तर कुणाची मान धरायची हे त्या नंबरावरून कळतं. घरी कोरलेल्या अक्षराचा अर्थ एवढाच, की बनवणाऱ्याला ती सेफ वाटते. आतला तुकडा नीट कडक झालाय का, शंभर वेळा ओढल्यावर झिजतोय का, हात निसटून आपटली तर काय होईल, याबद्दल ते अक्षर काहीच सांगत नाही. उलट खूण जितकी सुबक तितका समोरचा गाफील. न कोरलेल्या बंदुकीला माणूस निदान बिचकून तरी हात लावतो.

आणि जिथे घरी बनवायची मुभा आहे त्या अमेरिकेत तरी सगळं आलबेल आहे का? अर्धवट भाग आणून घरी पूर्ण केलेल्या, नंबर नसलेल्या बंदुका गुन्ह्यांत सापडायला लागल्या. म्हणून २०२२ मध्ये तिथल्या सरकारने असे किट विकणाऱ्यांना नंबर टाकण्याची आणि घेणाऱ्याची तपासणी करण्याची सक्ती केली. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने तो नियम कायम ठेवला. हे त्या व्हिडिओत दिसणार नाही.

आपल्याकडे तर विषयच संपतो. १९५९ चा शस्त्र कायदा, कलम ५. परवान्याशिवाय बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, टेस्ट करणं, सगळं बंद. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवल्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. नुसतं विनापरवाना बाळगल्याचे दोन ते पाच वर्षं. टूलरूममध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणारं पोरगं "भाऊ, एवढा एक पिन टर्न करून दे" म्हटल्यावर दोस्तीखात्यात करून देतं. त्याला वाटतं आपण जॉब केला. कायद्याच्या भाषेत तो बंदुकीचा भाग असू शकतो. शेठ लोकांनीही रात्रपाळीला मशीनवर काय चढतंय ते बघावं.

आता आपल्या गल्लीत येऊ. आपल्याकडे असली रायफल नाही, कट्टा आहे. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी गाव पुण्याच्या पोलिसांना पाठ झालंय. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे पोलीस थेट तिथे जाऊन भट्ट्या मोडून आले. साध्या कट्ट्याला सेफ्टी हा प्रकारच नसतो. पिस्तुलाची नक्कल असेल तर बाजूला खटका दिसतो, पण तो आतून काही अडवतो याची हमी कुणी दिलेली नसते. आणि गंमत बघा, देशभरात पकडलेल्या असल्या कित्येक पिस्तुलांवर 'मेड इन यूएसए' मात्र झोकात कोरलेलं असतं. असला ऐवज कमरेला पुढून खोचून पोरं टायगर पॉइंटला रील काढतात. कुठे खोचलाय याचा तरी विचार करा, राव!

मावळाने हे कमी भोगलंय का? १२ मे २०२३ ला तळेगाव नगरपरिषदेच्या आवारात, भरदिवसा, किशोर आवारे यांच्यावर गोळ्या झाडल्या, कोयत्याने वार केले. तुम्ही त्यांच्या बाजूचे असा की विरोधातले, त्या दिवशी तळेगावात ज्याची पोरं शाळेत होती त्याला विचारा. आणि तरीही वाढदिवसाच्या बॅनरवर 'भाई' छापून येतोच, खाली सगळ्या पक्षांच्या नेत्यांचे फोटो. एकाही नेत्याने "माझा फोटो काढा" म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

परवानावाल्यांनाही दोन शब्द. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळात रानडुकरं इंद्रायणीचं उभं पीक लोळवतात, त्यासाठी आजोबाच्या काळापासून काही घरांत बंदूक आहे. ती गरज मी नाकारत नाही. पण जुन्या बारा बोरचा अंगठ्याखालचा खटका बघा. त्यावरचं अक्षर घासून सपाट झालंय, लाल ठिपका उडालाय. घरात फक्त म्हाताऱ्याला माहीत, कुठल्या बाजूला बंद. पुढं सुनेने कपाट आवरताना हात लावला तर? ती खूण घरी खिळ्याने ओरखडू नका, पोराच्या एनग्रेव्हरखाली धरू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या, खटका आतून चालतो का ते तपासून घ्या, मग अक्षराचं बघा. आणि चालत असला तरी नळीचं तोंड माणसाकडे नको, बोट घोड्यावर नको. आम्हाला 'जाँच शस्त्र' रोज करायला लावायचे ते काय उस्तादाला दुसरं काम नव्हतं म्हणून नव्हे.

प्रशासनाकडे माझी मागणी साधी आहे. नूतनीकरणाला बंदूक बघता तेव्हा नंबर जुळवून थांबू नका. खटका चालतो का, खूण वाचता येते का, हेही बघा, आणि घरातल्या एका तरी दुसऱ्या माणसाला मराठीत समजावून सांगा. तळेगाव २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणकडे. तेव्हा "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर दोन्हीकडून मिळणार हे मला माहीत आहे. म्हणून अर्ज दोन्हीकडे देतोय. सोमवारी अकरा वाजता वडगावला जाणार आहे. सही करायची असेल त्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन या.

आणि कमेंटमध्ये तो व्हिडिओ परत टाकू नका. टाकला की ब्लॉक.