'स्मॉल' वेगळा, 'लिटल' वेगळा

शाळेतल्या शब्दार्थांच्या वहीत 'स्मॉल', 'लिटल', 'टायनी' या तिन्हींपुढे 'लहान' लिहिले की काम भागते. पण इंग्रजीची निम्मी गोडी तिथेच संपते.

'स्मॉल' नुसते माप सांगतो. दुकानात शर्टाचा साइझ 'स्मॉल' असतो, 'लिटल' कधीच नाही. 'लिटल'मध्ये माया असते, नाहीतर तुच्छता. 'पुअर लिटल थिंग' म्हणताना जीव कळवळतो, 'सिली लिटल मॅन' म्हणताना नाक मुरडले जाते. त्यातही एका 'अ'ची करामत केवढी! 'अ लिटल मिल्क' म्हणजे थोडे का होईना, दूध आहे; नुसते 'लिटल मिल्क' म्हणजे जवळजवळ नाहीच. परीक्षेत मुले नेमकी इथे गडबडतात.

'लहान'साठी स्कॉटलंडचा लाडका शब्द 'वी'. 'लिलिपुशियन' आला स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधून. त्यातल्या लिलिपुटची माणसे जेमतेम सहा इंचांची.

सर्वांत रंजक कहाणी 'प्यूनी'ची. आज त्याचा अर्थ किरकोळ, मरतुकडा; मूळ फ्रेंच अर्थ मात्र 'नंतर जन्मलेला'. म्हणूनच हायकोर्टात मुख्य न्यायाधीशांखेरीज इतरांना 'प्यूनी जज' म्हणत. स्पेलिंग निराळे, उच्चार तोच. त्यात कमीपणा नव्हता, फक्त सेवाज्येष्ठतेचा क्रम होता.

शिक्षकांनी वहीत शब्दार्थाशेजारी निदान एकेक वाक्य तरी लिहून घ्यावे.